डाव्या काठाच्या उपनद्या

जर्मनीतल्या एका छोट्या नदीची मला जितकी माहिती आहे तितकी माझ्या गावच्या नदीची नाही. ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. मी जर्मनीला कधी गेलेलो नाही, त्या नदीत पाय बुडवलेला नाही. पण ती कुठल्या डोंगरात उगम पावते, पहिला ओढा तिला कितव्या किलोमीटरवर मिळतो, कुठे ती पसरते आणि कुठे अंग चोरून दोन टेकड्यांमधून निघते, हे मी आजही डोळे मिटून सांगेन. हे सगळं मी शिकलो ते जबल अलीला, एका गोदामाच्या पोटमाळ्यावरच्या खिडकी नसलेल्या खोलीत.

२००८ ची मंदी येण्याआधी आमचं ऑफिस दुबईतल्या एका टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर होतं. कंपनी जर्मन, काम पाण्याचं. म्हणजे समुद्र हाकेच्या अंतरावर असताना आत वाळवंटात तळी खणायची, ती कालव्यांनी जोडायची आणि कालव्यांच्या काठी व्हिला उभे करायचे. मी तिथे सीनियर ड्राफ्ट्समन होतो. मी काढलेले कालवे कागदावर फार देखणे दिसत. मंदी आली आणि ते कागदावरच राहिले. चाळीस माणसांची नऊ झाली, नऊची तीन झाली. टॉवर सुटला आणि आम्ही जबल अलीच्या फ्री झोनमध्ये, कंपनीच्याच पाइपांच्या गोदामात आलो. खाली पाइप, वर आम्ही. एसी होता. बाहेर ऊन आहे की वाळूचं वादळ, हे संध्याकाळी बसमध्ये चढताना कळायचं.

एवढं असेल तर सोडून का आला नाहीत, असं मला पुण्यातले नातेवाईक अजून विचारतात. विचारणाऱ्याचं काय जातं? पासपोर्ट मॅनेजरच्या लॉकरमध्ये. दुसरी नोकरी बाजारात नाही, आणि असती तरी कंपनी सोडली की सहा महिन्यांचा बॅन. पण खरं कारण घरात होतं. मुलगी दहावीत होती. बोर्डाचा फॉर्म भरलेला, सेंटर तिथलंच, परीक्षा मार्चमध्ये. बायको आणि मुलगी दोघी माझ्या व्हिसावर. माझी नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि मग तीस दिवसांत तिघांनी देश सोडायचा. हे मार्चच्या आधी झालं की तिचं वर्ष गेलं. तिचं सगळं शिक्षण तिथलं, मराठी वाचताना अजून अक्षरांवर बोट ठेवणारी. तिला अर्ध्या वर्षात उचलून पुण्याच्या शाळेच्या दारात उभी करायची, हे मला करायचं नव्हतं. तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती, मार्च संपेपर्यंत टिकायचं.

आणि मग जूनमध्ये ती नदी आली. चार मोठ्या खोक्यांमधून आली. आत जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या, प्रत्येक गावाशेजारी हाताने लिहिलेल्या टिपा, आणि मोजणीच्या वह्या. जर्मनीत नद्यांच्या पुराचे नवे नकाशे करायचे चालले होते. मुख्य ऑफिसकडे अशा बऱ्याच नद्या होत्या. त्यातली सगळ्यात छोटी, कोणालाच नको असलेली, त्यांनी आमच्याकडे ढकलली. तिकडच्या माणसापेक्षा आम्ही स्वस्त, आणि रिकामे.

आमचा मॅनेजर केरळचा. माणूस वाईट नव्हता, पण मंदीने त्याचं बोलणं तुटक करून टाकलं होतं. त्याने आम्हा दोघांना समोर बसवलं आणि म्हणाला, "देखो, जब तक नदी है, तब तक वीज़ा है. नदी खलास तो हम भी खलास. दोनों में जिसका हिस्सा पहले ख़तम होगा, वो पहले जाएगा. मैं कुछ नहीं कर सकता, ऊपर से आया है."

आम्ही दोघे म्हणजे मी आणि माझा सहकारी. तो धुळे जिल्ह्यातला, साक्रीकडचा. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, अंगाने किडकिडीत, बोलायला कमी. अल कुसैसला एका खोलीत पाच जणांबरोबर बेडस्पेस घेऊन राहायचा, बायको आणि दोन मुलं गावी. आमचं घरही अल कुसैसलाच, त्यामुळे कंपनीची बस एकच. मला तो भाऊ म्हणायचा. मी त्याला खुशाल अरे-तुरे करायचो आणि त्याच्या गावावरून चिडवायचो. मी कोकणातला, सावंतवाडीकडचा. माझ्या मते पाणी म्हणजे काय हे फक्त आम्हाला ठाऊक. "तुम्हा खानदेशातल्या लोकांना नदी म्हणजे वाळू उपसायची जागा," असं मी म्हणायचो. तो हसायचा आणि हातातल्या स्केलने कागदावरची धूळ झाडायचा.

आता नदीविषयी सांगतो. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. आमचा तर पगारच त्यावर होता. ती साठेक किलोमीटर लांब. दक्षिणेच्या जंगलात एका ओल्या खळग्यातून निघते आणि उत्तरेला वाहते. उत्तरेला, म्हणजे कागदावर वर. पश्चिमेला समुद्राकडे धावणाऱ्या नद्या बघत वाढलेल्या मला पहिला महिनाभर ती डोंगर चढतेय असं वाटत राहिलं. पहिले आठ किलोमीटर सूचिपर्णी झाडांतून, मग एक उघडं खोरं, त्यात गवताची कुरणं. मधल्या टप्प्यात पाच गावं, प्रत्येकाला एक चर्च, एक पूल आणि एक जुनी पाणचक्की. शेवटी सपाटीला ती आळसावते आणि एका मोठ्या नदीला मिळते. ती मोठी नदी आणखी मोठीला, आणि ती शेवटी उत्तरेच्या समुद्राला. त्यांच्याकडे उपनद्यांना आकडे द्यायची एक पद्धत आहे. सगळ्यात मोठ्या चार उपनद्यांना सम आकडे, दोन, चार, सहा, आठ. मधल्या मुख्य नदीच्या तुकड्यांना विषम. ओढ्याला ते बाख म्हणतात. ठरावीक क्षेत्राहून लहान पाणलोट असलेले बाख आम्ही नुसती निळी रेघ मारून सोडायचे. मोठ्यांचं मात्र सगळं करायचं, दर शंभर मीटरला छेद, दोन्ही काठांची उंची, प्रत्येक पूल, प्रत्येक मोरी. एका मोठ्या बाखला दोन-दोन महिने लागत.

वाटणी काठांवर झाली. नदीचा डावा-उजवा काठ ठरवताना ती वाहते तिकडे तोंड करून उभं राहायचं. सीनियर म्हणून पहिली निवड माझी. मी आदल्या दिवशीच गुंडाळ्या उलगडून पाहिल्या होत्या. डावीकडे जंगलाचा उतार, कागदभर निळ्या रेषा. उजवीकडे शेतं आणि थोडेच ओढे. एक तेवढा मोठा, म्यूलबाख, म्हणजे गिरणीचा ओढा. जास्त रेषा म्हणजे जास्त दिवस. मी म्हटलं, "डावा काठ माझा."

तो म्हणाला, "चालेल ना भाऊ."

त्यानंतर त्या खोलीत जे सुरू झालं ते आता आठवलं की हसू येतं. दोन चांगले, हात चालणारे ड्राफ्ट्समन कोण जास्त सावकाश काम करतो याची शर्यत लावून बसले होते. मी एका पुलाच्या कमानीवर तीन दिवस काढले. तो प्रत्येक रेघ दोनदा मोजायचा. चहाला गेलो तर दोघे बरोबर जायचो, कारण एक खोलीत राहिला तर त्याचं काम पुढे सरकेल, अशी उलटी भीती. मॅनेजर दर गुरुवारी विचारायचा, किती झालं? आम्ही दोघे एकमेकांकडे बघून आधी दुसऱ्याला बोलू द्यायचो. हे सगळं न बोलता चाललेलं होतं. तोंडाने आम्ही मित्र होतो, आणि खरं म्हणजे होतोही.

शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. बायको त्याच्यासाठी मुद्दाम भाकरी करायची, कारण आमच्या भाताला तो बिचारा कंटाळायचा. जेवण झालं की मुलगी भूगोलाचं पुस्तक घेऊन त्याच्यासमोर बसायची. मी शिकवायला लागलो की माझा आवाज चढतो, तिच्या डोळ्यांत पाणी येतं, असं आमचं ठरलेलं. त्याचा आवाज कधी चढला नाही. समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, हे त्याने तिला कणकेचा गोळा घेऊन सुरीने कापून दाखवलं. "अंकल इज सो मच बेटर दॅन यू, बाबा," ती मला तोंडावर म्हणाली. ती मार्चची भीती बोलून दाखवत नसे, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने मार्चच्या तारखांना पेन्सिलने गोल केले होते. तो ते गोल बघायचा.

ऑक्टोबरमध्ये माझं चुकलेलं गणित माझ्या लक्षात आलं. डाव्या काठावर रेषा खूप होत्या, पण जंगलातले ते ओढे आखूड आणि तीव्र उताराचे. बहुतेकांचा पाणलोट मर्यादेहून लहान. रेघ मारली की संपले. हावरटपणाने मोठं ताट ओढावं आणि त्यात नुसती पानंच निघावीत, तसं झालं. मोठा म्हणावा असा एकच उरला होता, सहा नंबरचा. तो धरूनसुद्धा माझं काम जानेवारीत संपत होतं. त्याच्याकडे मात्र म्यूलबाख अजून अर्धाही झालेला नव्हता. मॅनेजरने तक्ता भिंतीला लावला. डावा काठ पासष्ट टक्के, उजवा चाळीस. मी तो तक्ता रोज येता-जाता वाचायचो.

बायकोने विचारलं, "अहो, किती दिवस पुरेल अजून?" मी म्हटलं, पुरेल. मी तिच्यावर उगीचच ओरडलोही, की तुला नदीतलं काय कळतं. तिला नदीतलं नाही, पण माझ्यातलं सगळं कळायचं. ती उठून मुलीच्या खोलीचं दार लावून आली. त्या दिवसांत मी घाबरलेला होतो, फार घाबरलेला होतो. बसमध्ये बसलो की शेख झायेद रोडवरचे बंद पडलेले क्रेन मोजायचो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुख्य नदीचे दोन कागद जोडायचे होते. ते काम दोघांच्या हद्दीवरचं, म्हणून मी त्याचा कागद मागून घेतला. म्यूलबाख त्याच कागदाच्या कडेला सुरू होत होता. कडेला सुरू होणारा ओढा दिसला की पलीकडचा कागद बघावा, ही आमची पहिलीच शिकवण. मी पलीकडचा कागद लावला आणि पाहिलं. तिथे झरा नव्हता, खळगा नव्हता. तिथे मुख्य नदी होती, आणि तिच्या अंगावर आडवी एक बारीक काळी खूण होती. बंधाऱ्याची.

मी रेघ वरून खाली बोटाने चालवली. नऊ किलोमीटर. ओढा म्हटला की तो समोच्च रेषा कापत, धडपडत खाली येतो. हा एकाही रेषेला नीट कापत नव्हता. टेकडीच्या पोटाशी, एकाच उंचीवर, बेताबेताने चालला होता. गावागणिक एका गिरणीला पाणी देत होता आणि खाली परत नदीत पडत होता. मला एकदम आमच्या गावचा पाट दिसला. पाऊस सरला की गावचे सगळे मिळून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, दगड, फांद्या, माती टाकून बांध घालायचे आणि पाणी डोंगराच्या कडेकडेने पोफळींपर्यंत न्यायचे. मी लहानपणी त्या पाटाच्या काठाने पाण्याबरोबर चाललेलो आहे. चालताना पाण्याच्या पुढे जायचं नाही असा आमचा खेळ असायचा. हा ओढा नव्हताच. माणसांनी खणलेला पाट होता. टेकडीवरून येणारे सहा लहान ओढे वाटेत त्याने पोटात घेतले होते, म्हणून तो एवढा मोठा वाटत होता.

आणि पाट म्हटल्याबरोबर पुढचं गणित आपोआप सुटलं. पाट उपनदी नव्हे. त्याचा स्वतःचा पाणलोट नाही. ते सहा ओढे सुटे मोजले तर सहाही मर्यादेच्या खाली. एकेक रेघ मारायची आणि सोडायचं. माझ्या सहकाऱ्याचं तीन महिन्यांचं काम दोन आठवड्यांवर येत होतं. तो आधी गेला की दोन्ही काठांची जोडणी आणि तपासणी एकट्या माझ्याकडे, म्हणजे माझं काम मार्चपर्यंत पुरणार होतं.

मी तीन दिवस कोणालाच काही सांगितलं नाही. या तीन दिवसांबद्दल मी स्वतःला बरेच वेळा सांगितलं आहे की मी विचार करत होतो. कसला विचार? चूक ती चूक, पुराचा नकाशा आहे, खोटी उपनदी दाखवली तर उद्या कोणाचं तरी घर पाण्यात दिसेल किंवा पाण्यातलं घर कोरडं दिसेल, असं मी मनाशी घोकत होतो. ते सगळं खरंही होतं. पण हीच चूक जूनमध्ये दिसली असती तर मी आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, "अरे, हे बघ काय आहे," असं म्हटलं असतं. नोव्हेंबरमध्ये मी त्याला सांगितलं नाही. मंगळवारच्या फोन मीटिंगची वाट पाहिली.

मंगळवारी मुख्य ऑफिसातल्या इंजिनियर बाई फोनवर असायच्या. वयस्क, शांत, इंग्रजी एकेक शब्द मांडून बोलणाऱ्या. स्पीकर टेबलावर, भोवती मॅनेजर, मी आणि तो. शेवटी बाईंनी विचारलं, आणखी काही? मी सांगितलं. बंधारा सांगितला, रेषा सांगितल्या. पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. एक कागद, मग दुसरा. मग त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. इथे बसून आम्हाला हे दिसलं नाही. तुम्हाला कसं दिसलं?"

मी म्हटलं, "आमच्या गावी असे पाट असतात."

त्यांनी माझे दोनदा आभार मानले. मॅनेजर माझ्याकडे कौतुकाने बघत होता. मी माझ्या सहकाऱ्याकडे बघायचं टाळत होतो, पण टेबल लहान होतं. तो आपल्या दोन्ही हातांकडे बघत होता. बाईंनी त्याला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तो म्हणाला, "येस मॅडम. इट इज करेक्ट."

महिन्याअखेरीस उजवा काठ संपला. मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दहा मिनिटांत तो बाहेर आला. त्या संध्याकाळी मला वाटलं, आज बसमध्ये तो दुसरीकडे बसेल. तो नेहमीसारखा माझ्याशेजारीच बसला. म्हणाला, "वहिनींना सांगा, या शुक्रवारी मी बाजरीचं पीठ आणतो. आमच्या खोलीतल्या एकाने गावाहून आणलंय." त्याने भांडण काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

शेवटच्या दिवशी त्याने आपल्या फाइल्स माझ्या कॉम्प्युटरवर घातल्या, गुंडाळ्यांना रबर लावली, पासपोर्ट शर्टच्या खिशात ठेवला. मॅनेजर खाली गेला होता. मला काही तरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "वाईट वाटतं रे. पण नकाशाचा प्रश्न होता. कधी ना कधी निघालंच असतं."

"हो ना," तो म्हणाला. मग म्हणाला, "भाऊ, आमच्याकडे नदीवर बंधारे आहेत. फार जुने. त्यावरून पाट निघतात आणि सगळ्या गावाची शेती त्याच पाण्यावर होते. कोणाला किती वेळ पाणी द्यायचं ते पाटकरी ठरवतो. माझे वडील पाटकरी होते, त्यांचे वडील पण. तो म्यूलबाख पाट आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"कसा बोलणार? पोटावर पाय आला असता." हे तो अगदी सरळपणे म्हणाला. "चूकच केली मी. पण भाऊ, तुमच्या काठावर पण एक आहे. सहा नंबर. चौथा कागद बघा, वरचा कोपरा. त्या दिवशी मीटिंगमध्ये सांगणार होतो. तोंडाशी आलं होतं. मग म्हटलं, जाऊ दे, ताईचे पेपर आहेत."

ताई म्हणजे माझी मुलगी. तो तिला ताईच म्हणायचा. त्याने हात पुढे केला, मी तो हातात घेतला, आणि तो जिना उतरून गेला. त्याला विमानतळावर सोडायला मी गेलो नाही. ऑफिसचं काम निघालं, असं त्याला फोनवर सांगितलं.

चौथा कागद मी तो गेल्यावर लगेच काढला. वरचा कोपरा, नदीवर आडवी काळी खूण. सहा नंबरची माझी लाडकी उपनदी तिथून निघत होती आणि टेकडीच्या पोटाशी एकाच उंचीवर चालली होती. दोन महिने मी तिच्यावर वाकून बसलो होतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला दिसलं. स्वतःच्या डोळ्यातल्या मुसळावर मी दर शंभर मीटरला छेद काढत होतो. खानदेशातल्या माणसाला पाण्याचं काय कळतं म्हणणारा मी.

आता मी खरं सांगितलं असतं तर मार्चच्या कितीतरी आधी माझं काम संपलं असतं. न सांगावं तर पुढचे तीन महिने रोज उठून जाणूनबुजून खोटी नदी काढायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी धरून ठेवलं. एकट्याने, त्या खोलीत, समोर त्याची रिकामी खुर्ची ठेवून मी सहा नंबर काढत राहिलो. तिचे पूल, तिच्या मोऱ्या, तिच्या काठच्या कुरणांची उंची. त्या पाटाचं एवढं सुबक काम कोणी केलं नसेल. मला स्वतःची किळस यायची आणि हात चालत राहायचा.

जानेवारीत एका मंगळवारी इंजिनियर बाईंनी विचारलं, अगदी सहज, विश्वासाने विचारलं, "उजव्या काठावरची चूक तुम्हीच शोधलीत. डाव्या काठावर तसं काही नाही ना? तुम्ही पाहिलंच असेल."

"पाहिलं आहे," मी म्हटलं. "तो ओढाच आहे."

त्या म्हणाल्या, छान. त्यांनी पुढचा विषय घेतला. मॅनेजरने टेबलाखालून अंगठा दाखवला. मी पाणी प्यायला उठलो आणि जिन्यात उभा राहिलो. खाली फोर्कलिफ्ट पाइप उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवत होती, बहुतेक तेही काम चालू आहे असं दिसावं म्हणून.

मार्च आला. पेन्सिलचे गोल एकेक करून मुलीने शाईने खोडले. शेवटच्या पेपराला मी हाफ डे टाकून सेंटरवर गेलो. ती बाहेर आली, बाटलीतलं उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं आणि म्हणाली, "डन, बाबा! इट वॉज इझी!" बायको तिथेच रस्त्यावर रडायला लागली. मीही रडलो असतो. मला आनंद झाला होता, खरा, पोटातून झाला होता, आणि त्याच्यामागोमाग लगेच दुसरं काही तरी वर येत होतं.

आता तरी बाईंना लिहावं असं मी ठरवलं होतं. परीक्षा होऊ दे, मग लिहू, असं तीन महिने मनाशी म्हणत होतो. पण लिहायचं म्हणजे जानेवारीत ओढाच आहे असं का म्हटलं हेही लिहायला हवं. मी मेल उघडून बसलो, दोन ओळी लिहिल्या, पुसल्या. एप्रिलमध्ये सगळे कागद जर्मनीला गेले. प्रत्येकाच्या खालच्या चौकटीत तपासणाऱ्याची सही असते. सहा नंबरच्या कागदावर ती माझी आहे. त्या कामावर मुख्य ऑफिस इतकं खूश झालं की त्यांनी आणखी एक नदी पाठवली, मग आणखी एक. मला कोणी काढलं नाही. त्याच पोटमाळ्यावर मी पुढे सात वर्षं राहिलो.

त्याला मात्र मी फोन केला. शेवटचा पेपर झाला त्याच दुपारी, घरी येऊन, गॅलरीचं दार मागून ओढून घेऊन. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. माझं चुकलं, मी मीटिंगच्या आधी तुला सांगायला हवं होतं, आणि तुझ्या जागी मी असतो तर गप्प बसलो नसतो. चार वेळा रिंग वाजल्यावर त्याने उचलला. मागे कोणाच्या तरी हाका आणि पंपाचा आवाज येत होता.

"भाऊ!" तो ओरडून बोलला. "आज शेवटचा होता ना? ताईचे पेपर कसे गेले?"

त्याला तारीख पाठ होती. मी म्हटलं, "चांगले गेले. सगळे चांगले गेले."

"मग झालं तर," तो म्हणाला. "वहिनींना सांगा. कांद्याला पाणी लावलंय, फिरवायला जातो, नाही तर वाफा फुटायचा. ठेवू का?"

"ठेव," मी म्हटलं.

त्याने फोन ठेवला. पाठ केलेलं सगळं तोंडातच राहिलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की गावी गेल्यावर त्याला कुठे काम मिळालं का, त्याची मुलं कितवीत आहेत, एवढंही मी त्याला कधी विचारलं नव्हतं.